रोडग्यानंतरचं रक्त

नाही, तुमीच सांगा, माह्यं काय चुकलं? डाक्टरनंच सांगतलं होतं ना, जेवून या! मी काय चोरून खाल्लं? हृदयात स्प्रिंग टाकलेला मानूस मी... तवापासून आमच्या घरची, तानाबाई, तुपाची बरनी कुलपात ठेवते अन् किल्ली मंगळसूत्राले बांधते! आता तिथं हात घालाची कोनाची हिंमत हाय?

पन रिपोर्ट माह्ये एकदम झकास, बरं का! काऊन? तं तपासनी उपाशीपोटी, अन् त्याच्या आदी दोन दिवस मी ताक-भाकरीवर! डाक्टर खूश, "वा अर्जुनराव, चरबी काबूत आहे!" बाकीच्या दिवशी? आता बसस्टँडवरचे भजे काय तुपात तळते? तेलात! अन् कुलूप तं तुपाले होतं!

तानाबाईनं नवस बोलला होता, "ह्यायचं काळीज नीट झालं तं मारुतीले रोडगे करीन." झालं ना नीट, कागदावर! शनिवार ठरला, अख्ख्या गावाले आवतन... अन् नेमका मलकापूरचा डाक्टर म्हने, "शनिवारी तपासणी. यावेळी उपाशी नाही, जेवून या. जेवल्यावर रक्तात चरबी किती चढते, तेही पाहू. नेहमीचं जेवण घ्या अन् चार तासांनी या." जेवून या! तुमाले सांगतो, मले खुर्चीतच गुदगुल्या झाल्या! दोनदा इचारलं, "साहेब, जेवून?" "हो हो, जेवून!"

मंग काय, शनिवारी पयल्याच पंगतीत मांडी ठोकली! गोवऱ्यायच्या इस्तवात भाजलेला कनकेचा रोडगा, राख झटकून फोडला का भपकन वाफ, वरून तुपाची धार, बाजूले वांग्याची झणझणीत भाजी... अहाहा! तानाबाईनं डोये वटारले. म्हनलं, "तपासनी हाय! डाक्टरनंच सांगतलं, जेवून या!" लोकंही कशे, "अर्जुनराव, तपासनीत कमी नोका पडू! ओत बे तूप!" ओत म्हने! मी नाही म्हनू? डाक्टरले नाराज करू?

मंग पोराच्या, गोकुळच्या, मोटरसायकलवर मागं बसून ढेकर देत मलकापूर. लॅबमधल्या प्रतीक्षानं रक्त घेतलं, रक्ताची नळी मशीनमंदी फिरवली, बाहेर काढली अन् पाहातच राह्यली. "काका, हे काय हो? वरचं पाणी दुधासारखं पांढरं!" म्हनलं, "बाई, थे तूप असन." तिनं थेट डाक्टरले बोलावलं!

डाक्टर म्हने, "नेहमीचं जेवण म्हटलं होतं मी!" म्हनलं, "साहेब, आज सगळ्या गावाचं हेच जेवन होतं!" त्यायनं भज्यायचंबी वदवून घेतलं माह्याकडून. मंग हसले नाही हो थे. "अर्जुनराव, उपाशीपोटीच्या कागदाला फसवाल. पण माणूस दिवसभर खाऊनच फिरतो, अन् असं रक्त रोज त्या स्प्रिंगमधून गेलं, तर नस पुन्हा तुंबू शकते."

गोकुळनं घरी जाऊन सारं सांगतलं. भज्यायसकट! मले वाटलं, आता बाई भांडन. नाही. चुलीपाशी बसली अन् पदरात तोंड घालून रडली. "तुमी गेल्यावर मी तूप कोनाले वाढू?" म्हने. लय वंगाळ वाटलं, खरंच! डाक्टरनं सांगतलं होतं, जेवून या... पन एवढं जेवून या, असं कुठं सांगतलं होतं?

डोये पुसले अन् उठली, थेट मारुतीसमोर. हात जोडले, "देवा, ह्यायचा जेवल्यानंतरचा रिपोर्ट चांगला येऊ दे, पुन्हा रोडगे करीन!" मी टुनकन उडालो! पुन्हा रोडगे!

तवापासून अख्खा गाव माह्या तब्येतीच्या मांगं. भज्याच्या गाडीवाल्यानं मले हाकलून देल्लं! सकायी फिराले दोघं सोबत येते, कोनी म्हनते, "दादा, घाम आला का?" मले वाटे, काय हो माया! नाही... सारे रोडग्याची वाट पाहून राह्यले!

अन् त्या पंगतीत मी कुठं, इचारलं ना तानाबाईले. म्हने, "तुमीच तं पायजे! तूप वाढाले."