गॅरेजमधली दुसरी खाट

रात्रपाळी करून घरी निघालेली नर्स गळका नळ बदलून घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात शिरली. आत रांग होती, म्हणून ती बाकावर टेकली. शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. नवऱ्यासमोर वॉकर होता, बायकोच्या मांडीवर गॅरेजची खोली करण्याचा नकाशा.

"अहो, इथे तुमची खाट. इथे संडास. म्हणजे जिन्याची कटकटच मिटली."

"दार बाहेर उघडणारं सांग. आत पडलो तर मला ढकलत बसशील."

"अभद्र बोलू नका."

"बरं. आणि ही दुसरी खाट कुणाची?"

"माझी. आणखी कुणाची?"

"तू वरच झोपायचंस."

"अन् रात्री उठलात तर?"

"भिंतीला दांडा लावतोय ना? त्याला धरेन."

"हाक मारलीत तर वर ऐकू यायचं नाही मला."

"म्हणूनच म्हणतोय."

"म्हणजे?"

"मी कूस बदलली तरी तू उठून बसतेस. आजारी मी पडलो आणि झोप तुझी उडाली."

"वर एकटीला लागणार आहे होय झोप?"

"आधी नाही लागणार. मग लागेल."

"काहीतरीच तुमचं. खाट राहणार. भिंतीला लावून... नाहीतर मग..."

तिचं बोलणं तिथेच विरलं. मान हळूहळू नवऱ्याच्या खांद्यावर कलली. घसरलेला नकाशा नर्सनं उचलून दिला.

"चला, पुढचे कोण?" काउंटरवरून हाक आली.

म्हातारा खांदा न हलवता नर्सकडे वळला.

"तुम्ही जा, बाई," तो कुजबुजला. "आम्हाला घाई नाही."