विलासचे नो-बॉल

मार्चमधला रविवार. ऊन कडक, वारा अजिबात नव्हता.

अहो, उमापूरच्या मैदानावरचा तो सामना तुम्हाला सांगितलाच नाही. माझा भाचा विलास परदेशातल्या एका क्लबात पगारावर बेसबॉल खेळायचा. चेंडू फेकणं हेच त्याचं काम. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तो गावी आला. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी भीतीनं त्यानं चेंडूला हात लावला नव्हता. क्लबवाले विचारत होते, येतोस की सोडतोस?

शेवटच्या षटकात समोरच्यांना जिंकायला तीन धावा हव्या होत्या. आमचा कॅप्टन बबन म्हणाला, "विलास, तू टाक. तुझा बॉल त्यांला दिसायचा बी न्हाई."

विलासनं बेसबॉलसारखा, कोपर वाकवून चेंडू फेकला. बॅट हलायच्या आत तो कीपरच्या हातात. अंपायर मीच होतो. म्हणालो, "नो-बॉल. क्रिकेटात फेकायचं नसतं."

"हात सरळ ठेव बे!" बबन ओरडला.

"सरळ हातानं मला येत न्हाई," म्हणत विलासनं दुसराही तसाच फेकला. पुन्हा नो-बॉल.

"काका, तुमी आपले का त्यांचे?" बबन माझ्यावर धावून आला.

विलास खांदा चाचपत उभा होता. मी विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई ना मामा. लई भीत होतो बगा. अजून एक टाकू?"

"टाक. पण मी नो-बॉलच देणार."

"द्या की."

तिसराही नो-बॉल. प्रत्येक नो-बॉलची एक धाव, म्हणजे समोरच्यांच्या बॅटला चेंडू न लागता आम्ही हरलो. विलासनं मैदानातूनच क्लबला फोन लावला आणि येतो म्हणून सांगितलं.