काकूंची विणकामाची साइट

बायकोची विणकामाची साइट बंद पडल्याचं कळलं, तेव्हा तो दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलेल्या पुतणीशेजारी नंबराची वाट बघत होता.

"काका, काकूंचा कॉम्प्युटर बंद केलात?"

"कालच. ती गेल्यावर कोण वापरणार?"

"साइटचा सर्व्हरवरचा प्रोग्राम त्यांनी त्या कॉम्प्युटरवर उघड्या ठेवलेल्या कमांडच्या खिडकीतून चालवला होता. खिडकी मिटली, प्रोग्राम थांबला."

"म्हणून हात लावू द्यायची नाही होय. मी आपला दिवसरात्र जळणाऱ्या विजेवरून टोमणे मारायचो."

"प्रोग्राम ज्याच्यावर चालतो ते नोड सर्व्हरवर जागेवर आहे. त्यावर मी आत्ता पीएम-टू नावाचा राखणदार बसवलाय. प्रोग्राम पडला की तो उठवतो. बघा, साइट आली."

"आणि सर्व्हरच बंद होऊन परत चालू झाला तर?"

"त्याची कमांड वेगळी, ती सर्व्हरच्या मालकाच्या हक्कानेच चालते. तिथे काकूंचा पासवर्ड मागतंय."

"तिच्या वहीत असेल."

"वही कुठंय?"

"तिच्या कपाटात. ते मी अजून उघडलेलं नाही."