चौदा नंबर रस्त्यावर दुसऱ्यांदा पडलेला डबा

मी, श्रीमती ओपल रुथ टिडवेल, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी शाळेची बस चालवणे (एकतीस वर्षे, अपघात एकही नाही), राहणार काउंटी रोड चौदा, केस्लर काउंटी, टेक्सस, आज शेरीफ कचेरीत स्वतःच्या पायांनी येऊन समक्ष सांगते की,

सदर रस्त्याचे दोन मैल माझे पती कै. हॉलिस यांच्या नावे सफाईसाठी मी घेतले आहेत. त्यांच्या नावाचा निळा फलक तिथे आहे. आमच्याकडे कोणी गाडीतून कचरा टाकला तर नंबर, वेळ आणि ठिकाण टिपून काउंटीला कळवायचे. काउंटी गाडीमालकाला एक पत्र आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी पाठवते. माझ्यामुळे अशी एकशे बारा पत्रे गेली. त्यांतली चार माझे शेजारी लेलंड प्रॉक्टर यांना. बिअरचा डबा खिडकीतून भिरकावणे ही त्यांची जुनी खोड. चौथ्या पत्रानंतर ते चर्चच्या दारात सर्वांदेखत म्हणाले, "ओपल, एक दिवस तुझ्याही घरी पत्र येईल बघ." मी म्हणाले, "बघ वाट. कर नाही त्याला डर कशाला?"

काल, दिनांक १४ एप्रिल रोजी, मला पत्र आले. पिशवीसकट. तीन तारखेला सकाळी साडेनऊला माझ्या पिकअपमधून सदर दोन मैलांत कचरा पडला, असे त्यात होते. तक्रार खरी ठरली तर नियमाप्रमाणे फलक उतरतो. दफनभूमी सोडली तर हॉलिस यांचे नाव दुसरे कुठे लिहिलेले नाही. म्हणून लेलंड यांच्यावर खोट्या तक्रारीची फिर्याद करायला मी आले.

डेप्युटी गार्झा (लहानपणी माझ्याच बसने जात, मागच्या बाकावर) यांनी तीन तारखेचे विचारले. त्या दिवशी मी शाळेत मुलांना कचऱ्याबद्दल सांगायला गेले होते. दाखवायला रस्त्यावर सापडलेले डबे बादलीत भरून पिकअपच्या मागे ठेवले. प्रत्येक डब्यावर माझ्या हाताची चिठ्ठी, तारीख आणि कळला असेल तर गाडीचा नंबर. वारा होता. वारा इथे रोजच असतो. शाळेत उतरवताना बादली हलकी लागली, पण घंटा झाली होती. "टाकणारा कोणीही असो, घरातला असला तरी नंबर टिपा," असे मी मुलांना सांगितले. टाळ्या पडल्या.

डेप्युटींनी लेलंड यांना बोलावून घेतले. ते काउंटीची पिशवी घेऊन आले आणि टेबलावर उपडी केली. नऊ डबे निघाले. एकावर माझ्या अक्षरात चार मार्च आणि खुद्द लेलंड यांच्याच गाडीचा नंबर.

"हा मी एकदा टाकला, कबूल," ते म्हणाले. "पण दुसऱ्यांदा कोणी टाकला गं? मी तुझ्या मागेच होतो. दोन मैल उतरतोय, उचलतोय, परत चढतोय. कंबर गेली माझी!"

डेप्युटी हसू लागले. मी "नीट बस" म्हटल्यावर थांबले.

बादलीवर ताडपत्री नव्हती हे खरे. ताडपत्री हॉलिस बांधत. ती गाठ मला येत नाही. शिकायची कधी वेळ आली नव्हती.

लेलंड म्हणाले, "जाऊ दे, घेतो मी तक्रार मागे."

"खबरदार!" मी म्हणाले. "ती एकशे बारा पत्रे ज्यांना गेली त्यांना मी काय तोंड दाखवू?"

तरी माझी फिर्याद मी मागे घेते. कचरा माझ्याच गाडीतून पडला. फलक शनिवारी मी स्वतः उतरवीन. हे सांगताना मला फार वाईट वाटले, तेही लिहावे.

त्यावर लेलंड यांनी तोच रस्ता सफाईसाठी घेण्याचा कोरा अर्ज मागितला आणि उभ्या उभ्या भरून बरोबर आहे का ते बघायला माझ्याकडे दिला. फलकावरच्या नावाच्या जागी त्यांनी हॉलिस टिडवेल असे लिहिले होते. त्यातली अक्षरे मी दोनदा तपासली. डेप्युटींनी पाणी दिले.

वरील मजकूर डेप्युटींनी मोठ्याने वाचला, मी कान देऊन ऐकला, सांगितला तसाच आहे. एवढी भर घालावी की ती गाठ लेलंड यांना येते आणि ते मला शनिवारी शिकवणार आहेत. म्हणून त्यांना सवलत नाही. डबा पडला तर पाचवे पत्र जाईल.

सही, ओपल रुथ टिडवेल