खड्ड्याच्या पलीकडची अक्का

…आणि बोर्ड तरी केवढा लावावा माणसानं! आमच्या अख्ख्या दुकानापेक्षा मोठा. पिवळ्यावर काळी अक्षरं, 'आजची गैरसोय, उद्याची सोय'. मी म्हणतो, लावा, जरूर लावा, पण हा 'उद्या' म्हणजे नक्की कधी, ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहाल की नाही? औषधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख असते हो. इथे नाही. बरं, ती अक्षरं उन्हानं उडाली की रंगारी हजर, परत तीच अक्षरं, परत तोच 'उद्या'. तुम्हाला सांगतो, त्या सबंध स्टेशनात वेळच्या वेळी झालेलं काम कुठलं असेल, तर तो बोर्ड.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमच्याकडे गाडीच्या लाइनी दोन. एक अलीकडची, एक पलीकडची. दोन्हींची स्टेशनं अगदी शेजारी शेजारी, सख्ख्या जावांसारखी, आणि तशीच एकमेकींशी संबंध न ठेवणारी. मधे एक सपाट वाट होती, वर छप्पर आणि खाली एक बाक. त्या बाकावर दर शनिवारी माझी आई आणि तिची थोरली बहीण भेटायच्या. थोरली म्हणजे अक्का. नात्यानं माझी मावशी, पण सगळं घर तिला अक्काच म्हणायचं. आई अलीकडच्या लाइनीनं यायची, अक्का पलीकडच्या. दोन तास बोलायच्या. काय बोलायच्या विचारू नका, मागच्या शनिवारी जे बोलल्या तेच.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की या दोन स्टेशनांचं एक करायचं. एका तिकिटात लाइन बदला, खाली मोठा हॉल, सरकते जिने, लिफ्ट! आई खूश, अक्का खूश. आणि पहिल्याच दिवशी काय उपटलं असेल? बाक. दुसऱ्या दिवशी वाट. मग खणायला लागले ते खणतच सुटले. इकडे आमचा फलाट, तिकडे अक्काचा फलाट, मधे हा एवढा खड्डा, आणि ओलांडायला तात्पुरता लोखंडी पूल. त्याचा जिना इतका उभा की शिडीनं लाजावं. आणि या दोघींचे गुडघे! उंबरा ओलांडायचा तरी आधी विचार करणाऱ्या बायका या.

तुम्ही म्हणाल, टॅक्सी करा. केली असती हो, पण दोघींना गाडी लागते. रुळावरची लागत नाही, रस्त्यावरची लागते. आमच्या आजोळचं खानदानी दुखणं आहे ते, वाटणीत दोघींना सारखं आलं. मी म्हटलं, आई, खुर्चीत बसवून चौघांकडून उचलून नेतो. तर म्हणाली, "मी काय कपाट आहे?"

मग काय करावं या दोघींनी? शनिवार मोडला नाही. आई अलीकडच्या फलाटावर, अक्का पलीकडच्या, समोरासमोर, मधे खड्डा, खड्ड्यात क्रेन, आणि दोघींच्या कानाला मोबाइल. समोर बसलेल्या माणसाशी फोनवर बोलायचं! लोक थांबून बघायचे. मधेच हात करायच्या एकमेकींना. काही द्यायचं असलं की हमाल कोण? मी. विणलेले मोजे घेऊन पलीकडे जा, अक्काचा डबा घेऊन अलीकडे ये, मोजे घट्ट होतात म्हणून परत पलीकडे जा. आईचे गुडघे वाचले आणि माझे गेले.

आणि आता खरी गोम ऐका. माझं दुकान चष्म्याचं. गावाला नजर देतो मी. आणि माझ्या आईला दिसत नव्हतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं, तिथे माझी काच काय करणार? समोर धरलेला हात कळायचा, पण खड्ड्यापलीकडचं नाव नको. पण अक्काला सांगायचं नाही, मला शपथ घातली. म्हणाली, "तिला कळलं ना, तर म्हणेल, दिसत नाही तर येतेस कशाला एवढी धडपडत? आणि तीही यायची बंद होईल. मग घरात बसून भिंती बघू का? त्याही दिसत नाहीत."

म्हणून मी शेजारी बसायचो आणि हळूच सांगायचो. आली. लाल स्वेटर घातलाय. बसली. हात करतेय. की आईचा हात वर. "अक्का, लाल स्वेटर छान दिसतोय ग." तिकडून, "तुझी हिरवी शाल मळलीय, धुवायला टाक." असं चालायचं. एकदा मी तिकिटाच्या रांगेत अडकलो, येऊन बघतो तर आईसाहेब पलीकडच्या भिंतीकडे बघून प्रेमानं हात हलवताहेत. कोण होतं तिथे? आग विझवायचं लाल नळकांडं. अक्काची गाडी अजून यायचीच होती.

भांडायच्यासुद्धा. आजीचं शिवणयंत्र कुणाला मिळायला हवं होतं यावरून. यंत्र केव्हाच गंजून भंगारात गेलेलं, भांडण मात्र चालू. एकदा आईनं रागानं फोन बंद केला, फलाटावरच्या बाकावर उलटी फिरून बसली आणि मला विचारते, "बघितलं का तिनं मी पाठ फिरवलेली?" मी म्हटलं, बघितलं, तिनंही फिरवलीय. तर म्हणाली, "उद्धट आहे पहिल्यापासून."

आणि मी काय करायचो? पिवळ्या टोपीच्या इंजिनियरला गाठायचो. साहेब, लिफ्ट कधी? "काका, डिसेंबर!" एवढं बोलून पळायचा. कुठला डिसेंबर ते नाही. पहिल्या डिसेंबरात खाली पाणी लागलं. दुसऱ्यात पैसे संपले म्हणे. पुढच्यात काय, तर दोन्ही बाजूंनी बोगदा खणत आणला आणि मधे भेटवला, तर एक बाजू वर, एक खाली! मी म्हटलं, साहेब, मधे जिना करा की, तुम्हाला जिन्यांची आवड आहे. हसला नाही. बोर्ड मात्र रंगवून झाला. आजची गैरसोय, उद्याची सोय.

अक्का फोनवर म्हणायची, "लिफ्ट झाली की पहिल्या दिवशी मी तिकडे येणार." आई म्हणायची, "नाही, मी येणार, तू थोरली आहेस." यावरूनही भांडण. मला वाटायचं, भांडू देत. भांडतायत तोवर आहेत.

मग त्या थंडीत अक्का गेली. झोपेतच. सकाळी फोन आला. लाइन त्या दिवशी बंद होती, आईला टॅक्सीनंच न्यावं लागलं. मी पिशव्या घेतल्या, लिंबू घेतलं. तुम्हाला सांगतो, तिला गाडी लागली नाही. सगळा रस्ताभर ताठ बसून होती. तिथे पोचल्यावर अक्काच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, दोन्ही हातांनी, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मला म्हणाली, "वाळली रे फार. तू सांगितलं नाहीस." काय सांगणार होतो मी? गुडघे गेल्यापासून मीही पूल चढलो नव्हतो. खड्ड्यापलीकडून स्वेटर दिसतो हो, माणूस किती वाळलंय ते दिसत नाही.

आणि त्यानंतर, विश्वास ठेवा, डिसेंबर आला. खराखुरा. फिती, फुगे, भाषण. मी म्हटलं, आई, राहू दे, आपण नको. ती शाल घेऊन दारात उभी. गेलो. लिफ्टमधे शिरलो, खाली आलो, चकाचक हॉल चालून गेलो, दुसऱ्या लिफ्टनं वर. संपलं. शिंक यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आई पलीकडच्या फलाटावर उभी राहिली आणि म्हणाली, "एवढंच होतं?"

मी तिला हाताला धरून अक्काच्या बाकाकडे घेऊन गेलो.

तेवढ्यात तिथल्या सफाईवाल्या बाई आल्या. हिरवी शाल बघून झाडू बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही त्या समोरच्या ना? अक्का मला दर शनिवारी विचारायच्या, हिरवी शाल आली का, हात करतेय का, शाल मळलीय का. त्यांना कुठे काय दिसत होतं? पण बहिणीला सांगू नका म्हणायच्या. कळलं तर ती यायची बंद होईल."

मी आईकडे बघितलं. म्हटलं, आता ही रडणार. तर हसायला लागली. "लबाड! शाल मळलीय म्हणे!" हसता हसता बाक चाचपला, अक्काच्या जागेवर बसली, आणि मग रडली. पोटभर रडली. सफाईवाल्या बाईंनी पाणी आणून दिलं.

संपलं असतं इथे, तर बरं झालं असतं. पण आमच्या नशिबात शनिवार आहेत. आता आई दर शनिवारी लिफ्टनं पलीकडे जाते, अक्काच्या जागेवर बसते, आणि मला काय सांगते? "तू आपल्या बाजूला जाऊन बस. ती जागा रिकामी दिसली तर तिला वाटेल, मी आले नाही." मी तिला म्हटलं नाही की कुणाला वाटेल, आई. मी लिफ्टनं परत येतो, अलीकडे बसतो. फोन वाजतो. "दिसते का रे मी?"

आता नव्या स्टेशनात छत पेलायला मधे खांब उभा केलाय. मोठा, गोल, अगदी आमच्या समोर. त्यावर नवा बोर्ड, कारण पुढचा टप्पा सुरू झालाय. तोच पिवळा, तीच अक्षरं. आई काही दिसत नाही मला.

मी म्हणतो, दिसतेस की. शाल मळलीय, धुवायला टाक. ती म्हणते, "मग हात कर." आणि साठीला टेकलेला, चष्म्याचं दुकान असलेला मी उठून उभा राहतो आणि हात करतो… खांबाला.