आळीपाळीचा श्वास

वन्सं : …चूक तुझी एकटीची म्हणतच नाहीये मी, वहिनी. दोघींची आहे. दोघींनी एकदम श्वास घेतला आणि खालचा सूर पडला. झालं.

वहिनी : माझी पर्स तुमच्याखाली आहे.

वन्सं : घे. अगं, कोरी करकरीत रचना, पहिलाच प्रयोग, सभागृह भरलेलं, बाकीचा वृंद गातोय आणि आपण दोघी आ वासून उभ्या! तालमीत वीसदा घोटलं होतं. मी श्वास घेताना तू सूर धरायचास, तू घेताना मी. मग नेमका तिथं का घेतलास?

वहिनी : तुम्ही का घेतलात?

वन्सं : …तिथं दादा धरायचा.

वहिनी : हो. माझ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं ह्यांनी. 'इथं दोघी श्वास घ्या, मी आहे.'

वन्सं : खोडलं नाहीस?

वहिनी : खोडलं की. पण दाबून लिहायचे हे. वळ राहतो.

वन्सं : दादाला जाऊन दोन महिने झाले, वहिनी. तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक मला विचारतात. खोटं कशाला बोलू, मलाही राग येतो.

वहिनी : येऊ दे. मला खरंच काही वाटत नाही, वन्सं. दात काढल्यावर गाल असतो ना, तसं झालंय. जेवते, झोपते, तालमीला येते.

(मास्तर दार वाजवतात आणि उत्तराची वाट न बघता आत येतात.)

वन्सं : या मास्तर. काय शिव्या घालायच्या त्या मला घाला, हिला नको.

मास्तर : शिव्या कसल्या, बाई! संगीतकार बाई बाहेर डोळे पुसतायत. आनंदानं हो! म्हणतात, खालचा सूर गेला आणि वरचे सगळे आवाज उघडे पडले. असं त्यांना सुचलंच नसतं. उद्याच्या प्रयोगात तसंच हवंय. मूळ कागदातच लिहून टाकणार आहेत. पुढं जो कुणी वृंद ही रचना गाईल, तो तिथं थांबेल.

वन्सं : मुळीच नाही! ती आमच्या घरातली चूक आहे. ती छापायची नाही. उद्या मी तो सूर धरते, जीव गेला तरी सोडायची नाही.

मास्तर : झाला माझा मृदंग, दोन्हीकडून मार. त्यांना काय सांगू मी?

वहिनी : लिहू द्या त्यांना.

वन्सं : वहिनी!

वहिनी : उद्या आपण नीट गायलो की ऐकणाऱ्याला वाटेल, सगळे आहेत. मला ते नकोय.

मास्तर : मग एवढंच सांगा, ती जागा किती मात्रांची लिहायची? बाईंनी मोजलं नाही, आणि माझे तर हातच हवेत राहिले.

वन्सं : लिहायचंच असेल तर दादाचा दम लिहा. बारा मात्रा. एका श्वासात बारा धरायचा तो. दुसरं कुणी नव्हतं तसं.

मास्तर : बारा म्हणजे जरा लांबच… पण बरं. बारा.

वहिनी : चार.

वन्सं : चार? दादाचा दम चार मात्रांचा?

वहिनी : तुम्ही हॉस्पिटलात पोचायच्या आधी मी उशाशी बसून मोजत होते, वन्सं. शेवटचा चारच होता.