काहीच नाई हे सांगायची फी

अध्यक्षमहाराज, मंचावरचे मानकरी, चांद्याची सारी वकील मंडळी, आणि ज्यांच्या गळ्यात आज हार पडला ते आपले गुणवंतराव वकील,

मी मुल गावची रुखमाबाई. गुडघे गाडीत चढू देत नाईत, म्हणून मी बोलली ते बाबूभाईंनी लिहून घेतलं, तेच वाचून राह्यले. गुणवंतराव, जुन्या अशिलांनी दोन चांगले शब्द बोलावे म्हणून तुम्ही मलेही निमंत्रण धाडलं. म्हणजे मी कोण, हे साफ विसरले! नागपूरच्या मोठ्या कोर्टात चालले तर तिथं बदाम खात जा.

आठवण मीच देते. चार वर्षांमागं माझ्या मुखरूनं सावकाराचं कर्ज काढून बिडीपानाचा ठेका घेतला. अवकाळी पावसात पानं कुजली, आणि सावकारानं पोराले दिवाणी तुरुंगात घातलं. सोडवायची वाट एकच, नादारीचा अर्ज. म्हणजे फेडायले घरात काहीच उरलं नाई, असं कोर्टात लिहून द्यायचं. मुलचे वकील म्हणाले, "आजी, हे काम गुणवंतरावांचं." तुम्ही शंभर सांगितले. पेटीतली नथ मोडून मी दिले. मग घरातल्या वस्तूंची यादी करायले तुम्ही स्वतः मुलले आले.

इथी माझी चूक झाली. वकील दारी आला, त्याले जर्मनच्या चेपक्या ताटलीत वाढायचं का? मी शेजारच्या इतवारीचं पितळी ताट आणलं, सोमाजीचा पाण्याचा गडवा, बुधरीची परात. तुम्ही दोनदा भात घेतला, चौफेर पाह्यलं आणि हात धुता धुता म्हणाले, "बाई, घर तर भरलेलं दिसते. अडीचशे लागतील."

सभेतल्या विद्वानांले विचारते, काहीच नाई हे सांगायले ज्याच्याजवळ अडीचशे आहेत, तो नादार कसा?

मी हात जोडले. तेव्हा बाबूभाई तुमचेच मुन्शी. ते हळूच म्हणाले, "आजी, वकील पाहिजेच असं नाई. अर्ज मी लिहितो, मुखरू सही करेल." लाजू नका बाबूभाई, वाचा पुढं.

आणि तुम्ही? आमचे शंभर ठेवले आणि सावकाराचं वकीलपत्र घेतलं. कोर्टात उभे राहून म्हणाले, "साहेब, यांचं पितळ मी डोळ्यानं पाहिलं आहे. माल लपवला." त्या एका वाक्यापायी मुखरू आणखी तीन महिने आत राह्यला.

पुढच्या तारखेले सारी गल्ली बैलगाडीत भांडी घालून चांद्याले आली. न्यायाधीशसाहेबांनी ताट उचललं, काठावर कोरलेलं मोठ्यानं वाचलं, "इतवारी डोमा." गडव्यावर सोमाजी, परातीवर बुधरी. साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, जेवलात तेव्हा हे दिसलं नाही?"

मले अक्षर येत नाई, गुणवंतराव. तुमाले येत होतं.

मुखरू सुटला. पण तुरुंगातल्या कच्च्या भाकरीनं त्याचं पोट बिघडलं, ते आजवर सुधरलं नाई.

इतकं ऐकून घेतलं, सभेची मी आभारी आहे. जास्त बोलली असीन तर म्हातारी म्हणून सोडून द्या; कमी पडलं असेल तर बाबूभाईंले विचारा, त्यांना सारं पाठ आहे. आणि पंगतीतले बुंदीचे लाडू आमच्याकडं धाडू नका. मुखरूले पेजेशिवाय काही पचत नाई. पायलीभर तांदूळ पाठवा, वर्षाचे जुने, पोटाले हलके. नवे निघाले तर त्याच गाडीनं परत येतील.